स्ट्राइक झोनवरून एवढी भांडणं का होतात?

२४ एप्रिल २०२२ ची रात्र, फिलाडेल्फिया. बेसबॉल सामन्याची नववी, म्हणजे शेवटची इनिंग चालू होती आणि मिल्वॉकी ब्रुअर्स १-० ने पुढे होते. ब्रुअर्सच्या जॉश हेडरने टाकलेला चेंडू बाहेर चाललाय असं समजून फिलीजच्या काइल श्वार्बरने तो सोडून दिला. होम प्लेटमागचे पंच एंजल हर्नांडेझ यांनी मात्र स्ट्राइक दिला. तो तिसरा स्ट्राइक, म्हणजे श्वार्बर बाद. त्याने बॅट आपटली, हेल्मेट भिरकावलं आणि हातवारे करत पंचांना दाखवायला लागला की आज कुठकुठले चेंडू तुम्ही कसकसे दिलेत. हर्नांडेझ यांनी त्याला सामन्याबाहेर काढलं. फिलीज १-० नेच हरले.

क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रकार जरा अतिच वाटतो. एका चेंडूवरून एवढा थयथयाट? पण अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही बेसबॉलवेड्या मित्राला विचारा, तो श्वार्बरची बाजू घेऊन अर्धा तास बोलेल. या खेळात पंच आणि खेळाडू यांच्यात सगळ्यात जास्त खटके उडतात ते या एकाच गोष्टीवरून, आणि ते का, हे समजायला आधी स्ट्राइक झोन ही भानगड नीट समजून घ्यायला हवी.

बॅटरच्या मागे स्टंप नसतात. जमिनीत एक पाच कोनांची पांढरी रबरी फळी बसवलेली असते, ती होम प्लेट. तिची रुंदी १७ इंच. या प्लेटच्या वर हवेत एक जागा कल्पायची. तिची वरची हद्द म्हणजे बॅटरचे खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावरची रेषा. खालची हद्द म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा खोलगट भाग. हा झाला स्ट्राइक झोन. बॅटरने बॅट फिरवलीच नाही आणि चेंडूचा कुठलाही भाग या जागेच्या कुठल्याही भागाला चाटून गेला, तर स्ट्राइक. नाही गेला, तर त्या टाकलेल्या चेंडूला ‘बॉल’ म्हणतात. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस (धाव पूर्ण करायच्या वाटेवरचं पहिलं ठाणं) फुकट, म्हणजे वॉक. बॅट फिरवून चेंडू हुकला तर तो स्ट्राइकच, त्यावर वाद नाही. सगळा वाद सोडलेल्या चेंडूंचा.

व्याख्या पुन्हा एकदा वाचलीत तर लक्षात येईल की झोनची रुंदी ठरलेली आहे, पण उंची बॅटरच्या शरीरावर अवलंबून आहे. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्सचे मालक बिल व्हेक यांनी याच गोष्टीचा फायदा उठवला. त्यांनी ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गेडेलला बॅटिंगला पाठवलं. पाठीवर नंबर होता १/८. समोरच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एवढ्याशा झोनमध्ये चेंडू बसवता येईना. चार चेंडू, चार बॉल, आणि गेडेल चालत पहिल्या बेसवर. प्रेक्षकांसाठी ती गंमत होती, पण झोन प्रत्येक माणसागणिक वेगळा असतो हे इतकं स्पष्ट कधीच दिसलं नसेल. आजच्या खेळात यांकीजचा एरन जज ६ फूट ७ इंच आहे आणि अ‍ॅस्ट्रोजचा होजे अल्टुवे ५ फूट ६ इंच. जजच्या गुडघ्याखालून गेलेला चेंडू अल्टुवेसाठी सरळसरळ स्ट्राइक असू शकतो. पंचांचे डोळे सरासरी बॅटरला सरावलेले. त्यामुळे जजला खालचे चेंडू नाहक स्ट्राइक दिले जातात, ही यांकीजच्या चाहत्यांची जुनी तक्रार.

आता पंचाच्या जागी उभं राहून बघा. पिचरची जागा प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. चेंडू ताशी ९५ मैलांनी आला तर त्याच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. वाटेत तो वळतो, बुडतो, आत येतो. पंचासमोर कॅचर, म्हणजे इथला विकेटकीपर, बसलेला असतो, म्हणून पंच त्याच्या डोक्यावरून, कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून बघतो. या जागेवरून आतल्या, म्हणजे बॅटरकडच्या बाजूचा चेंडू बरा दिसतो. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याजवळ गेलेला चेंडू डोळ्यांपासून सगळ्यात लांब, आणि नेमका तिथेच पिचरला चेंडू टाकायचा असतो. शिवाय झोन म्हणजे सपाट चौकट नाही, त्याला खोली आहे. प्लेटच्या पुढच्या काठावर झोनचा कोपरा चाटून गेलेला कर्व्हबॉल (वळत खाली बुडणारा चेंडू) कॅचरच्या हातात येईपर्यंत नडगीच्या उंचीवर आलेला असतो. नियमाने तो स्ट्राइक, पण बघणाऱ्या प्रत्येकाला बॉलच वाटणार.

यात भर कॅचरची. चांगला कॅचर चेंडू झेलता झेलता ग्लोव्ह अलगद झोनकडे ओढतो, पंचांना वाटावं की चेंडू तिथेच आला होता. याला फ्रेमिंग म्हणतात. पूर्वी ही नुसती हातोटी समजली जायची. २०११ च्या सुमारास विश्लेषकांनी कॅमेऱ्यांच्या आकड्यांवरून दाखवून दिलं की उत्तम फ्रेमिंग करणारा कॅचर हंगामभरात संघाच्या बऱ्याच धावा वाचवतो. मग होजे मोलिनासारख्या, बॅटिंग बेताचीच असलेल्या कॅचरला भाव आला. आज सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पॅट्रिक बेली या कलेसाठी नावाजला जातो. काही चाहते याला सरळ फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. जिथे निर्णय माणसाच्या डोळ्यांवर आहे तिथे त्या डोळ्यांना चेंडू नीट दाखवणं हे कौशल्यच आहे, आणि ते साधायला वर्षं जातात.

झोन स्वतःही कधी स्थिर नव्हता. १९६३ मध्ये तो वाढवून खांद्याच्या वरच्या टोकापासून गुडघ्याच्या खालपर्यंत केला गेला. पिचर माजले. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने १.१२ असा अविश्वसनीय ईआरए नोंदवला, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी एकाहून किंचित जास्त धाव. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन विभागांपैकी एक) .३०० च्या वर बॅटिंग सरासरी, म्हणजे दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके, असलेला एकच बॅटर होता, कार्ल यास्त्रेम्स्की, तोही .३०१ वर. लगेच १९६९ मध्ये झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत आखडला आणि पिचर जिथे उभा राहतो तो मातीचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. पुढे १९८८ मध्ये वरची हद्द बदलली, १९९६ मध्ये खालची.

नियमाच्या पुस्तकातला झोन आणि मैदानावरचा झोन यांच्यातही अंतर असायचं. प्रत्येक पंचाचा स्वतःचा झोन असे. अमका बाहेरचा चेंडू देतो, तमका वरचा देत नाही, हे खेळाडू पाठ करून यायचे. याचं टोक दिसलं १२ ऑक्टोबर १९९७ ला. मेजर लीगचा दुसरा विभाग असलेल्या नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना, फ्लोरिडा मार्लिन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज. होम प्लेटमागे होते एरिक ग्रेग. मार्लिन्सच्या लिव्हान हर्नांडेझने प्लेटपासून स्पष्टपणे बाहेर टाकलेले चेंडू एकामागून एक स्ट्राइक ठरत गेले. त्याने १५ बॅटर स्ट्राइकवर बाद केले आणि मार्लिन्सने सामना २-१ ने घेतला. शेवटचा बाद होणारा होता फ्रेड मॅग्रिफ. त्याने सोडलेला चेंडू आजही व्हिडिओत बघितला तर विश्वास बसत नाही. मार्लिन्स पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकले. ब्रेव्हजचे चाहते हे विसरलेले नाहीत, पण इतर संघांचे चाहते त्यांना हेही ऐकवतात की तुमचे ग्रेग मॅडक्स आणि टॉम ग्लाविन वर्षानुवर्षं असेच बाहेरचे स्ट्राइक मिळवत आले होते. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

मग कॅमेरे आले. २००१ पासून काही मैदानांवर क्वेस्टेक नावाची यंत्रणा पंचांचे निर्णय तपासू लागली. पंच आता यंत्राला घाबरून झोन बदलतायत म्हणून पिचर चिडले. २००३ मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सच्या कर्ट शिलिंगने रागाच्या भरात त्यातला एक कॅमेराच फोडला आणि दंड भरला. २००८ पर्यंत पिचएफएक्स नावाची जास्त चांगली यंत्रणा सगळ्या मैदानांवर पोचली आणि पहिल्यांदाच प्रत्येक चेंडूचा हिशेब उघड झाला.

त्या हिशेबातून निघालेल्या गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पंच बहुतेक वेळा बरोबर असतात, हल्ली सोडलेल्या चेंडूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त निर्णय अचूक येतात. पण एका सामन्यात असे साधारण दीडशे निर्णय द्यावे लागतात, म्हणजे चुका दहाच्या आसपास राहतातच. आणि या चुका कुठेही विखुरलेल्या नसतात, त्यांना दिशा असते. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक झालेले असतील तर पंचांचा झोन नकळत फुगतो. दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल असतील तर तो आक्रसतो. जणू शेवटचा घाव आपण घालू नये असं त्यांच्या मनात असतं. डावखुऱ्या बॅटरसाठी संपूर्ण झोनच दोनेक इंच बाहेर सरकलेला असायचा. यात कुणाची लबाडी नाही, माणसाची नजर अशीच चालते. आणि माणसाला सगळं अचूकही जमू शकतं. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात पॅट होबर्ग यांनी दिलेले १२९ च्या १२९ निर्णय बरोबर निघाले.

आकडे उघड झाले तशी घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या हातातही मोजपट्टी आली. टीव्हीवर प्लेटच्या वर एक चौकट दिसते, चेंडू तिच्या बाहेर गेला की लाखो लोक एकदम ओरडतात. इथे थोडं सबुरीने घ्यायला हवं. मुख्य कॅमेरा पिचरच्या मागे, पण सहसा थोडा एका बाजूला असतो, त्यामुळे कोन तिरका पडतो. चौकट सपाट असते, झोन नाही. सामना संपल्यावर पंचांची टक्केवारी सांगणारे तक्ते फिरतात, तेही काठावरचा अर्धा इंच आणि प्लेटबाहेरचे पाच इंच एकाच मापाने मोजतात असा अनेकांचा समज असतो. खेळाडू तसं करत नाहीत. अर्ध्या इंचावरून कुणीच बॅट आपटत नाही. त्यांना खुपतं ते हे, की दुसऱ्या इनिंगमध्ये बॉल दिलेला चेंडू आठव्या इनिंगमध्ये स्ट्राइक होतो. झोन मोठा असो वा लहान, तो सामनाभर एकच असला तर बॅटर जुळवून घेतो.

एका निर्णयाने किती फरक पडतो तेही बघू. एक बॉल, एक स्ट्राइक झालेला आहे. पुढचा चेंडू बॅटरने सोडला. बॉल ठरला तर तो दोन-एकने पुढे, आता पिचरला झोनमध्ये टाकणं भाग आहे. स्ट्राइक ठरला तर बॅटरच्या नावावर दोन स्ट्राइक, आणि दोन स्ट्राइक झाल्यानंतर मेजर लीगमधल्या बॅटरांची सरासरी .२०० च्याही खाली जाते. तोच चेंडू, तोच बॅटर, पण पुढची सगळी बॅटिंग पालटली. आणि चांगला चेंडू ओळखून वाईट चेंडू सोडणं हे बॅटर लहानपणापासून घोटून घोटून शिकलेला असतो. ०.४ सेकंदांत त्याने बरोबर ओळखलं, हात रोखले, आणि तरीही बाद झाला. ज्याची नजर सगळ्यात चांगली, त्यालाच या चुकीची झळ सगळ्यात जास्त लागते, कारण चेंडू तोच सोडतो. जो प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवतो त्याचं काय जाणार?

त्यावर त्याला बोलायची सोय नाही. बॉल आणि स्ट्राइकवर वाद घालायला नियमानेच बंदी आहे. जागा सोडून वाद घालायला आलात की बाहेर. त्यामुळे एक न लिहिलेली रीत तयार झाली आहे. पंचांकडे मान न वळवता, समोर बघतच पुटपुटायचं. एकदा बोलून झालं की गप्प बसायचं. बॅटने मातीत रेघ ओढून चेंडू कुठून गेला ते दाखवलंत तर पंच क्षणभरही थांबणार नाहीत, कारण तो हजारो लोकांसमोर केलेला अपमान. कॅचरही बोलतो तो पुढे तोंड करूनच. खेळाडू चिडलाय असं दिसलं की मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, धावत येऊन मध्ये उभा राहतो आणि स्वतः बाहेर जाण्याची तयारी ठेवतो, म्हणजे खेळाडू मैदानावर राहील. ब्रेव्हजचे मॅनेजर बॉबी कॉक्स त्यांच्या कारकिर्दीत दीडशेहून जास्त वेळा बाहेर काढले गेले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. यांकीजचे एरन बून जुलै २०१९ मध्ये एका नवख्या पंचांसमोर आपल्या बॅटरांची बाजू घेत एवढे तावातावाने बोलले की ते शब्द टी-शर्टांवर छापले गेले. एप्रिल २०२४ मध्ये तर त्याच बून यांना सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच बाहेर काढलं, डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, वर बसलेला एक प्रेक्षक ओरडला होता आणि पंचांना वाटलं बूनच बोलले. मेजर लीगमध्ये खेळाडू आणि मॅनेजर बाहेर काढले जातात त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास प्रसंग बॉल-स्ट्राइकवरूनच घडतात.

राग दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे बरोबर ओळखूनही शिक्षा होते. दुसरी म्हणजे दाद मागायला जागा नाही. मला यातली दुसरी जास्त जाचक वाटते.

यावर काढलेल्या तोडग्याला एबीएस (ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक सिस्टिम) म्हणतात. २०१९ मध्ये मेजर लीगबाहेरच्या अटलांटिक लीगच्या ऑल-स्टार सामन्यात पंचांच्या कानात यंत्राचा निर्णय ऐकू येऊ लागला, तिथून प्रयोग सुरू झाला. मग खालच्या स्तरांवरच्या मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं दोन पद्धती चालवून बघितल्या. एक, प्रत्येक चेंडू यंत्रानेच द्यायचा. दुसरी, निर्णय पंचांनी द्यायचा आणि पटला नाही तर खेळाडूने आव्हान द्यायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून दुसरी पद्धत स्वीकारली.

क्रिकेटमधला डीआरएस आपल्या ओळखीचा आहे, आणि दोन्हीकडे चेंडूचा माग काढणारं तंत्र हॉक-आयचंच आहे. पण फरक आहेत. इथे संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शाबूत. आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो. निर्णय होताक्षणी स्वतःच्या टोपीवर किंवा हेल्मेटवर टापली मारायची, डगआउटकडे बघून सल्ला घ्यायचा नाही. काही सेकंदांत मोठ्या पडद्यावर चित्र येतं आणि विषय संपतो. ‘अंपायर्स कॉल’सारखी मधली जागाही नाही, चेंडू चाटला किंवा नाही चाटला. २०२५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत अशी आव्हानं निम्म्याहून थोडी जास्त वेळा यशस्वी झाली. कॅचरची जास्त, पिचरची कमी. हे साहजिक आहे, कॅचर चेंडू येताना समोरून बघतो आणि पिचरला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो.

मात्र यंत्राचा झोन नियमाच्या पुस्तकातला झोन नाही, हे अनेक चाहत्यांच्या लक्षात येत नाही. यंत्र खांदे आणि पँटचा काठ बघत नाही. त्याऐवजी बॅटरची उंची मोजून तिच्या ५३.५ टक्क्यांवर वरची रेषा आणि २७ टक्क्यांवर खालची रेषा धरली जाते. जजसाठी ती अंदाजे सव्वाएकवीस ते सव्वाबेचाळीस इंच, अल्टुवेसाठी अठरा ते पस्तीस इंच. वाकून उभं राहून झोन लहान करायची युक्ती आता आव्हानात चालत नाही. आणि यंत्र बघतं ती प्लेटच्या बरोबर मध्यावरची सपाट चौकट. त्यामुळे मघाचा, पुढच्या काठावर कोपरा चाटून बुडालेला कर्व्हबॉल पुस्तकाने स्ट्राइक आणि यंत्राने बॉल ठरू शकतो.

दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ मध्येच प्रत्येक चेंडू यंत्राकडे सोपवला. तिथे भांडणं संपली नाहीत, त्यांची जागा बदलली. मेजर लीग गाजवून परतलेला पिचर र्‍यू ह्युन-जिन म्हणाला की मैदानागणिक यंत्राचा झोन वेगळा वाटतो, आणि लीगला आकडे जाहीर करून उत्तर द्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये एका सामन्यात यंत्राने दिलेला स्ट्राइक पंचांच्या कानातून निसटला आणि ही चूक कशी झाकायची याची पंचांमधली कुजबुज माइकवर पकडली गेली. त्यांच्यावर कारवाई झाली.

म्हणूनच मला आव्हानाची पद्धत पटते. पंचांचं काम त्यांच्याकडेच राहतं, कॅचरची हातोटी वाया जात नाही, आणि ढळढळीत चूक सुधारता येते. मुख्य म्हणजे श्वार्बरला हातवारे करत बाहेर जावं लागलं, तिथे आता डोक्यावर एक टापली पुरते. पंचांवरही चांगला परिणाम होईल असं वाटतं. त्यांना मोजायची पद्धत आधीच कडक झाली आहे. पूर्वी झोनच्या काठापासून दोन इंचांपर्यंतचा निर्णय त्यांची चूक धरला जात नसे, २०२४ च्या शेवटी झालेल्या करारानंतर ही सवलत पाऊण इंचावर आली. लगेच २०२५ मध्ये झोन आखडला म्हणून पिचर कुरकुरायला लागले.

एक नवं डावपेच मात्र यातून तयार झालंय आणि सामना बघताना तिकडे जरूर लक्ष द्या. तिसऱ्या इनिंगमध्ये, कुणी बेसवर नसताना, पहिल्याच चेंडूवर चिडून आव्हान वाया घालवणाऱ्या बॅटरवर त्याचेच सहकारी वैतागतात. काही मॅनेजर पिचरना आव्हान द्यायचंच नाही असं बजावून ठेवतात. दोन्ही आव्हानं चुकली की नऊ इनिंग संपेपर्यंत पंचांचा शब्द शेवटचा, आणि त्यावर वाद घातला तर जुनाच नियम लागू होतो.